न उघडलेला जोड

निघोजे,
१२ मे १९७७

ती. दाजी,

नमस्कार. गाडी चालू झाली, हे आधी लिहितो आणि मग बाकीची खुशाली.

तुम्ही अक्षय्य तृतीयेला दिलेला वायरिंगचा संच चाकणच्या मिस्त्रीनं दोन दिवसांत बसवला. जुना संच काढला तेव्हा त्यातून हिरवी भुकटी सांडत होती. दवाखान्याच्या ट्रस्टनं लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप, कुठल्या चिखलातून किती वर्षं फिरली कुणास ठाऊक. तुमच्या संचाचे जोड बघून मिस्त्रीनं विचारलं, "हे काम कुणाचं?" मी म्हटलं, आमच्या दाजींचं, चिंचवडला मोटारींच्या वायरी बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. तो म्हणाला, "ह्यो मानूस कामाचा हाय." घरी रुक्मिणीलाही हे दोनदा सांगून झालं.

ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्यावर मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं आहे. काम चांगलं दिसलं तर दिवाळीनंतर कायम करणार. कांद्याच्या ट्रकवर नऊ वर्षं काढली, पण महिन्याचा पगार आणि सुट्टी असली नोकरी पहिलीच. डॉक्टर शुभदाबाई पुण्याच्या आहेत. मला "ज्योतीरामभाऊ" म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही भामा नदीपलीकडे कुडेवाडी आणि वरच्या वाड्यांना जातो. रस्ता म्हणावा असा नाहीच. नदीला पूल नाही, उतारातून, म्हणजे पाणी उथळ असेल तिथून, गाडी घालावी लागते. आत्ता उन्हाळ्यात पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आहे, पावसाळ्यात दाराखालच्या पायफळीला लागेल म्हणतात.

म्हणून विचारतो. नवा संचही जुन्यासारखा कुजू नये म्हणून काय करू? इंजिनातलं मला बऱ्यापैकी कळतं, विजेतलं कळत नाही. पलीकडच्या सात वाड्यांना ही एकच गाडी जाते. ती बंद पडली तर माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पण ती माणसं कुठं जातील?

ताईला नमस्कार.

ज्योतीराम

---

चिंचवड,
१९ मे १९७७

चि. ज्योतीराम,

तुझं पत्र तुझ्या ताईनं मला जेवता जेवता दोनदा वाचायला लावलं. मिस्त्री काय म्हणाला ते ऐकताना तिनं मला एक भाकरी जास्त वाढली. तेव्हा अशी पत्रं पाठवत जा.

आता कामाचं. तांब्याला पाणी लागलं की ते हिरवं पडतं, हे तुझ्या घरातल्या हंड्यावरही बघितलं असशील. त्यात वीज खेळत असेल तर ते दुप्पट वेगानं कुजतं. तेव्हा दर रविवारी अंघोळीच्या आधी गाडीपाशी बसायचं. आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडायची, मग दुसरी. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी येते ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, पण वरची झाकणं घट्ट आहेत ना ते आधी बघ, सोडा आत गेला तर बॅटरी मेली. मग कोरडं करून पॉलिशपेपरनं घासायचं, घट्ट आवळायचं आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावायचं. काही शहाणे आधी व्हॅसलीन लावतात आणि मग आवळतात, आणि वीज का जात नाही म्हणून कपाळाला हात लावतात. अर्थिंगची वायर चासीला जिथं बसते तिथला रंग खरवडून लख्ख पत्रा काढ. नदी ओलांडली की इंजिन लगेच बंद करू नकोस, पाच मिनिटं तसंच चालू दे, ऊब बसली की ओल जाते. पाण्यात गाडी बंद पडलीच तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून कोरड्या फडक्यानं पूस, शंभरातल्या नव्वद वेळा पाणी तिथंच असतं. आणि नदीवर म्हशी धुतात तशी बादल्या ओतून गाडी धुऊ नकोस.

राहिले माझे जोड. ते मी टेपनं बांधून दिलेत, त्यांना हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी आळंदीच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावून आम्हां चौघांना वाढवलं. कथील कसं धावतं ते माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. गाडीचा पत्रा सडेल, तू म्हातारा होशील, पण माझा जोड सुटायचा नाही. समजलं?

तुझी ताई म्हणते, भाऊबिजेला या वेळी कायमच्या नोकरीचे पेढे घेऊन ये.

बबनराव

---

निघोजे,
२६ जून १९७७

ती. दाजी,

तुम्ही सांगितल्यापासून एकही रविवार चुकवला नाही. आत्ताही गाडीपाशी बसूनच लिहितोय, कागदाला व्हॅसलीनचा डाग पडला तर राग मानू नका. शुभदाबाई हसतात. म्हणतात, "ज्योतीरामभाऊ, पेशंटच्या जखमासुद्धा तुम्ही साफ करत चला." मागच्या पंधरवड्यात वरच्या वाडीतून एका म्हाताऱ्याला हगवणीनं अर्धमेला झालेला असताना आणलं, आता तो शेतावर जातो. त्याच्या सुनेनं गाडीला हळदकुंकू लावलं. मी तिला सांगितलं, बाई, बॉनेटवर लाव, बॅटरीवर नको.

एक विचारायचं आहे. चावीकडून इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलला जी वायर जाते, तिच्यावरच्या तुमच्या जोडापाशी टेपच्या कडेला थोडं हिरवं दिसतंय. फार नाही, नखाएवढं. टेप तिथं जराशी फुगल्यासारखीही वाटते. बाकी सगळीकडे व्हॅसलीन आहे, तिथं हे कुठून आलं कळत नाही. माझ्याकडे ब्लेड आहे, नवी टेपही आणून ठेवली आहे. उघडून बघू का? तुम्ही हात लावायचा नाही म्हणालात म्हणून विचारल्याशिवाय उघडलं नाही.

नदीचं पाणी आता पायफळीच्या चार बोटं खाली आहे. उत्तर लवकर द्या.

ज्योतीराम

---

चिंचवड,
२ जुलै १९७७

चि. ज्योतीराम,

उघडू नकोस. एकदा टेप काढलीस की आत ओल शिरलीच म्हणून समज. ते हिरवं बाहेरचं आहे, चिखल उडून कडेला बसला असणार. कोरड्या फडक्यानं पुसून टाक आणि वरून टेपचा आणखी एक घट्ट फेरा दे. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मीच म्हटलं असतं उघड म्हणून. अरे, माझं काम आहे ते. जावयाच्या कामावर एवढा अविश्वास बरा नव्हे!

इथं सेकंड शिफ्ट आहे, ओव्हरटाइमही चालू आहे. म्हणून चार ओळींवर भागवतो. तुझी ताई ठीक.

बबनराव

---

निघोजे,
२६ जुलै १९७७

ती. दाजी,

शुक्रवारी कुडेवाडीची तानुबाई माझ्या गाडीपायी गेली.

भातलावणी चालू होती. साडेअकराच्या सुमारास तिला नाग चावला, उजव्या मनगटाला. आम्ही वाडीतच होतो. शुभदाबाईंनी हात बांधला, जवळ होतं ते इंजेक्शन दिलं. पण सापाची लस चाकणला ट्रस्टच्या दवाखान्यात बर्फाच्या कपाटात असते, ती गाडीत टिकत नाही. तानुबाई चालत येऊन गाडीत बसली. नवरा जयसिंग शेजारी. ती बोलत होती. मला म्हणाली, "डायवरदादा, रोपं उपटून ठिवल्यात, सुकत्याल. कुनाला तरी सांगा." तासाभरात चाकणला पोचलो असतो.

भामेच्या उताराच्या मध्यावर गाडी बंद पडली. चावी फिरवली तर मीटरचा काटासुद्धा हलला नाही. मी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पुसलं. सदरा काढून त्यानं पुसलं. हँडल मारलं. पुन्हा पुसलं. प्लग काढून बघितले, ठिणगी नाही. काठावर लावणीची माणसं जमली होती. त्यांनी घोंगड्याची झोळी केली. म्हणाले, "आमी पळत नेतो, चौघं चौघं पाळीनं." मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, पाणी आहे, आत्ता सुकेल. दाजी, दोन मिनिटं, दोन मिनिटं असं मी किती वेळ म्हणत होतो मला माहीत नाही. बाईंनी नंतर सांगितलं, पाऊण तास. जयसिंगनं माझ्यावर विश्वास ठेवला. झोळीवाल्यांना तोच म्हणाला, "थांबा रं, त्याला कळतंय." मग तिच्या पापण्या उघडेनात. मग झोळीत घातलं, पण पलीकडची चढण चढायच्या आत श्वास थांबला.

गाडी बैल जुंपून काढली. दुसऱ्या दिवशी चाकणचा मिस्त्री आला. त्यानं बॅटरीपासून कॉइलला हातभर वायर थेट जोडली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. म्हणाला, चावीकडची वायर आतून मेली आहे, वरून कळत नाही. हातभर वायर, दाजी. ती माझ्या सीटखाली पडलेली होती. झाकण पुसण्याऐवजी मी ती जोडली असती तर.

ट्रस्टचे सेक्रेटरी श्रीपादराव म्हणतात, चौकशी होईल. होऊ दे. मला झोप नाही. मी कुठला रविवार चुकवला का, हेच आठवत बसतो. मला सांगा, मी काय करायचं राहिलं?

ज्योतीराम

---

चिंचवड,
३० जुलै १९७७

चि. ज्योतीराम,

तुझं पत्र वाचलं आणि कामावर गेलो नाही. काय लिहू? नाग चावल्यावर चाकणला पोचूनही माणसं जातात. ती वाचलीच असती असं कुणी सांगावं? तू सदरा काढून गाडी पुसलीस, आणखी माणूस काय करतो! स्वतःला खाऊ नकोस.

तुझ्या ताईला मी फक्त गाडी बंद पडली होती एवढंच सांगितलं आहे. तिला रक्तदाबाची गोळी चालू झाल्यापासून मी तिला जड काही सांगत नाही. तूही तिच्या पत्रात लिहू नकोस.

ती वायर मला पाठव. तुकडा कापून निघोज्याहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर घेईन. कारखान्यात कापून बघतो म्हणजे नक्की काय झालं ते कळेल. तोवर कुणाला काही लिहून देऊ नकोस.

बबनराव

---

निघोजे,
१३ ऑगस्ट १९७७

ती. दाजी,

कंडक्टरकडे तुकडा दिला आहे. कॉइलच्या वायरीवरचा तुमचा जोड आहे तसा, टेपसकट. उघडलेला नाही.

चौकशी शनिवारी, वीस तारखेला. मिस्त्रीनं लिहून दिलं आहे की वायर कुजली होती. श्रीपादराव विचारतात, कुजली कशानं? मी म्हटलं, आमचे दाजी या कामातले जाणकार आहेत, त्यांचं पत्र येईल ते दाखवतो. ते कबूल झाले. तेव्हा तुम्ही जे लिहाल तेच धरलं जाईल.

जयसिंग दोनदा येऊन गेला. शिव्या देत नाही. बाजेवर बसतो, चहा पितो आणि विचारतो, "वायर कशानं कुजली?" त्याच्या दोन मुली आहेत, धाकटी तीन वर्षांची. मला त्याला काहीतरी खरं सांगायचं आहे. चूक कुणाच्या हाताची असेल तर त्या हाताचं नाव लिहा. माझं असेल तर माझं लिहा. कुणाचंही असलं तरी मी ऐकून घेईन, पण खरं लिहा. याहून जास्त मी तुमच्याकडं काही मागत नाही.

ज्योतीराम

---

चिंचवड,
१८ ऑगस्ट १९७७

चि. ज्योतीराम,

तुकडा मिळाला. कारखान्यात कापून नीट बघितला.

जोड शाबूत आहे. टेपच्या कडेतून पाणी आत शिरलं आणि तांब्याचे धागे कुजले. नदीच्या दोन्ही बाजूंना भातशेती आहे, खाचरांत टाकलेलं खत पावसाबरोबर नदीत उतरतं. खताचं पाणी तांब्याला फार वाईट. एकदा ते आत गेलं की कुणाचा इलाज नाही. यात कुणाच्या हाताची चूक आहे असं मला वाटत नाही. हे असंच श्रीपादरावांना दाखव. त्यांना पटेल.

जयसिंगलाही हेच सांग. नदीचं पाणी म्हणावं. माणसाला माणसाचा राग धरून जगता येत नाही, नदीचा राग किती दिवस टिकणार?

बबनराव

---

निघोजे,
२२ सप्टेंबर १९७७

ती. दाजी,

तुमचं पत्र चौकशीत वाचून दाखवलं. श्रीपादराव म्हणाले, जाणकार माणूस सांगतो की पाणी टेपच्या कडेतून आत गेलं. म्हणजे टेप सुटलेली होती आणि ड्रायव्हरनं बघितली नाही. शुभदाबाई माझ्या बाजूनं बोलल्या, दर रविवारचं सांगितलं. श्रीपादराव वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, मग वायर आपोआप कुजली म्हणू का? त्या मुलींच्या बापाला काय सांगू?"

माझा निष्काळजीपणा झाला असं मी लिहून दिलं. एक तारखेपासून नोकरी नाही. नदीपलीकडची फेरी ट्रस्टनं बंद केली आहे. शुभदाबाई पुण्याला परत गेल्या. मी चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलतो. ट्रकवर मला आता कुणी घेत नाही.

ताईला कळवू नका.

ज्योतीराम

---

चिंचवड,
३० ऑक्टोबर १९७७

चि. ज्योतीराम,

हे पत्र मी महिनाभर लिहितोय आणि फाडतोय. आज पोस्टाच्या दारात बसून लिहितो, म्हणजे फाडायच्या आत पेटीत पडेल.

मी तुला खोटं लिहिलं.

आधी तो संच कसा झाला ते सांगतो. कारखान्यात पहिल्या प्रतीच्या वायरी असतात त्या नव्हेत. नाकारून टाकलेल्या, काळ्या पडलेल्या वायरी मी भंगारातून उचलल्या. सासुरवाडीला फुकटात काहीतरी मोठं द्यायचं होतं, दुसरं काय! काळ्या तांब्यावर कथील धरेना. कारखान्यात जोडाला राळ वापरायची, दुसरं काही नाही, असा नियम आहे. भिंतीवर पाटी आहे, नव्या माणसांना मीच ती वाचून दाखवतो. पण राळेनं काम होईना आणि माझ्या डब्यात वडिलांच्या वेळचा नवसागर होता. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच. चिमूटभर टाकला आणि कथील असं धावलं की मला माझंच कौतुक वाटलं. भांडं नंतर धुतात, म्हणून भांड्याला काही होत नाही. जोडही सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायला हवे होते. भोंगा झाला, बस चुकली असती, आणि उद्या अक्षय्य तृतीया. मी तसेच टेपमध्ये गुंडाळले. नवसागर आत राहिला. तो हवेतलं पाणी ओढतो आणि तांबं खातो. नदीचा काही संबंध नाही. ती गाडी तू देव्हाऱ्यात ठेवली असतीस तरी ती वायर कुजली असती.

तुझा तुकडा कापला तेव्हा वीतभर लांब हिरवी भुकटी निघाली, आणि ती माझ्या जोडापासून सुरू झालेली होती. बघताच कळलं. तू जूनमध्ये उघडू का म्हणून विचारलंस, तेव्हा नुसतं 'उघड' असं लिहायचं होतं. ती बाई आज भात कापत असती.

मला वाटलं, नदीवर ढकललं की तुझंही नाव येणार नाही आणि माझंही. मी तसं मुद्दाम बेतून लिहिलं. माझं पत्रच तुझ्या गळ्यात येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगतो, मी फार विचारही केला नाही, मला भीती वाटत होती. भंगारातून वायरी उचलल्या हे कळलं तर कारखान्यातून काढतील. दसऱ्याला मला फोरमन केलं, ज्योतीराम. हार घातला. तुझ्या ताईनं तो हार अजून खिळ्याला ठेवला आहे. तो बघितला की घरात जेवण जात नाही.

तू सांगशील तर मी चाकणला येऊन श्रीपादरावांना सगळं सांगतो. जयसिंगचेही पाय धरतो. फक्त तू सांग, काय करू?

बबनराव

---

निघोजे,
६ नोव्हेंबर १९७७

दाजी,

तुमचं पत्र मिळालं. मला ते सगळं माहीत होतं.

तुम्ही वायरीचा तुकडा मागितला तेव्हा मी संचातला दुसरा जोड कापून माझ्यापाशी ठेवला. दिव्यांच्या वायरीवरचा, तोही तुमचाच. तो उघडला. हिरव्याच्या आत पांढरे कण होते. मी त्यांना आगकाडी धरली. पांढरा धूर निघाला आणि कल्हईवाला अंगणात बसल्यावर येतो तो वास आला. रुक्मिणी चुलीपाशी होती. तिनंच तिथून विचारलं, कल्हईवाला आलाय का?

त्यानंतर मी तुम्हांला तेरा ऑगस्टचं पत्र लिहिलं. मला कशानं कुजली ते कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही सांगताय का ते बघायचं होतं. मी लिहिलं होतं, ज्या हाताची चूक त्याचं नाव लिहा. तुमचं उत्तर आलं तेव्हा मी ते आधी एकट्यानं वाचलं. खताचं पाणी. मला वाटलं, पुढच्या पानावर असेल. पुढचं पान नव्हतं.

चौकशीत ते पत्र वाचलं जात होतं तेव्हा तो उघडलेला जोड माझ्या खिशात होता. काढून टेबलावर ठेवायचा म्हणूनच नेला होता. ठेवला नाही. तुमची नोकरी जाईल, ताईचं घर मोडेल, असं मनात आलं हे खरं. पण तेवढंच नव्हतं. जूनमध्ये हिरवं मला दिसलं होतं, ब्लेड माझ्या हातात होतं, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा मी तुमच्या शब्दाला जास्त मानलं. झोळी तुम्ही थांबवली नव्हती. ती मीच थांबवली. तानुबाई मला डायवरदादा म्हणाली होती, तिला तुमचं नावही माहीत नव्हतं. म्हणून सही केली.

त्यानंतर अडीच महिने वाट बघितली. पोस्टमन दिसला की गोणी खाली ठेवून जायचो. तुम्ही लगेच लिहिलं असतं तर आपण दोघं मिळून जयसिंगकडे गेलो असतो. मला ते जमलं असतं असं वाटतं. आता मी त्याला जाऊन काय सांगू? परवा तो बाजारात भेटला. धाकटी खांद्यावर होती. आता तो विचारत नाही, वायर कशानं कुजली. म्हणाला, "तू कबूल झालास, बरं केलंस. मला तरी एक मानूस घावला." त्याच्या हातातून तोही माणूस काढून घेऊ का? आणि त्या जागी कुणाला देऊ, तुम्हांला? तुम्ही अजून मलाच विचारताय, काय करू म्हणून. मला विचारू नका. यायचं असतं तर तुम्ही आला असता. पोस्टाच्या दारात बसला नसता.

वरच्या वाडीतला तो हगवणीचा म्हातारा दसऱ्याच्या आधी वारला. पुन्हा तेच दुखणं झालं होतं. गाडी जात नाही. त्याच्या पोरानं पाठीवर घेऊन नदी ओलांडली, पण उशीर झाला. हे तुमच्यावर ढकलायला लिहीत नाही. तुम्हांला कळावं एवढ्यासाठी लिहितो, कारण हे आता आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार नाही.

तुमचं पत्र मी चुलीत घातलं. दुसरा जोडही. हे पत्र तुम्ही ठेवा किंवा जाळा, ताईच्या हाती लागू देऊ नका. तुमच्यावर मी ओरडू शकलो असतो तर बरं झालं असतं, पण तेवढंही मनात उरलेलं नाही. यापुढे मी लिहिणार नाही आणि तुम्हीही लिहू नका.

दिवाळी आठवड्यावर आली. ताईनं करंज्या केल्या असतील, माझ्यासाठी वेगळा डबा भरला असेल. तिला अजून वाटतं की मी जीप चालवतो आणि या महिन्यात कायम होणार. मला तिच्यासमोर पाटावर बसता यायचं नाही. तुम्ही शेजारी बसाल, ती मला ओवाळेल, आणि आपण दोघं तिच्याकडे बघून हसू, ते माझ्यानं होणार नाही.

तिला सांगा, भाऊबिजेला ज्योतीरामला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षी काय सांगायचं ते तुम्ही बघा. बेतून लिहिणं तुम्हांला जमतं.

ज्योतीराम